शून्य झरा

आकडा नऊ आला.

ऋजुता घागने तो पडद्यावर पाहिला, यंत्र पुन्हा चालवलं, पुन्हा नऊच आला. तिसऱ्यांदा चालवण्याआधी ती उठली आणि तिने चहा ठेवला. करारातली रेषा पंचवीसवर होती. नऊ म्हणजे कंपनी सुटली, गाव हरलं, आणि दहा दिवसांनी सरकारी नियामक मंडळासमोरच्या सुनावणीत हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

कॅनडातल्या उत्तर अल्बर्टाच्या त्या भागातलं तेल विहिरीतून उपसता येत नाही. तिथे जमिनीखालच्या वाळूच्या कणाकणाला डांबर चिकटलेलं असतं. वरचं जंगल काढायचं, वाळू खणायची, गरम पाण्यात धुवायची, तरंगलेलं डांबर काढून घ्यायचं. मागे उरतं ते राखाडी, गाळाने दाट झालेलं पाणी. त्यात डांबरातून सुटलेली आम्लं असतात आणि ती माशांना घातक असतात. ते नदीत सोडायला बंदी, म्हणून ते तलावांत साठवून ठेवतात. तलाव म्हणायचे एवढंच. त्यातल्या आठ नंबरच्या तलावाला गाडीने वळसा घालायला पाऊण तास लागायचा. आणि मातीचा बांध कितीही दाबला तरी पाझरतोच.

भांडण त्या पाझराचं होतं. कारण नदी स्वतःच डांबरी वाळूतून वाट काढत येते. उन्हाळ्यात तिच्या काठांवरून डांबर आपोआप ओघळतं. म्हणजे त्याच घराण्यातली आम्लं नदीत मुळातही आहेत. खालच्या अंगाला विलो बेंड नावाचं क्री आदिवासी लोकांचं गाव होतं. जाळ्यात फोड आलेला मासा सापडला की गाव म्हणायचं, तलावाचं पाणी. कंपनी म्हणायची, निसर्गाचं. सरकार म्हणायचं, अभ्यास चालू आहे. अशी तीस वर्षं गेली.

ऋजुताचा उगमशोधक ह्या भांडणावरचं औषध होतं. हे यंत्र थेंबातल्या हजारो रेणूंचं वजन करायचं. दोन्हीकडची आम्लं भाऊबंद असली तरी कोणती किती, हे प्रमाण वेगळं असतं. तलावाच्या पाण्याचा ठसा एक, नैसर्गिक पाझराचा दुसरा. यंत्र दोन्ही ठसे शिकायचं आणि नदीतल्या आम्लांत तलावाचा वाटा किती टक्के, ते सांगायचं. नैसर्गिक ठशासाठी खाणींच्या वरच्या अंगाला, जंगलात, एक झरा निवडला होता. नकाशावर त्याचं नाव ‘शून्य’. दर वसंतात यंत्र शून्य झऱ्याचं ताजं पाणी घेऊन ‘नैसर्गिक म्हणजे काय’ हे नव्याने शिकायचं. ही सोय ऋजुताने मुद्दाम केली होती. निसर्ग बदलत असतो, तर यंत्रानेही बदलावं. ह्या सोयीचं परिषदांमधून फार कौतुक झालं होतं.

मग कंपनी, सरकार आणि गाव ह्यांनी करार केला. २०४४च्या मे महिन्यात यंत्र जो आकडा देईल तो तिघांनाही मान्य. पंचवीसच्या वर गेला तर आठ नंबरचा तलाव बंद. खाली राहिला तर गावाने हरकत मागे घ्यायची आणि कंपनीने तलावाचं पाणी शुद्ध करून हळूहळू नदीत सोडायचं. सहा वर्षं आकडा उतरत होता. बावीस, एकोणीस, सतरा, चौदा, अकरा. बांध सुधारले म्हणून, असं सगळे म्हणत होते.

“नऊ चांगलं की वाईट?” अप्पांनी विचारलं.

अप्पा, म्हणजे ऋजुताचे वडील विलास घाग, महिन्याभरापूर्वी कोकणातून आले होते. एका रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लँटवर त्यांनी तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. लेकीचं काम आपल्याच धंद्यातलं आहे, फक्त इंग्रजीत आहे, अशी त्यांची समजूत होती. ती फारशी चुकीची नव्हती.

“कोणासाठी, त्यावर आहे,” ऋजुता म्हणाली.

अप्पांनी बशीत चहा ओतला. “आणि तुमचा ब्लँक कोण तपासतं?”

“कसला ब्लँक?”

“आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी आधी कोरं पाणी तपासायचे. कोऱ्या पाण्यात काही निघालं तर त्या दिवशीचे सगळे आकडे बाद.”

“आमचा ब्लँक म्हणजे तो शून्य झरा, अप्पा.”

“हो, पण त्याला तपासतं कोण?”

ऋजुताने चहाचा कप खाली ठेवला. झरा तपासायचा तर यंत्राने, आणि यंत्राला नैसर्गिक काय ते शिकवणार झराच.

तिने त्या दिवशी यंत्राचं शिकणं बंद केलं आणि जुना ठसा शोधायला घेतला. सुरुवातीची दोन वर्षं यंत्राचं पहिलं, ढोबळ रूप वापरात होतं, त्याचे ठसे आजच्याशी जुळत नव्हते. त्या वर्षांच्या पाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेच्या गोदामात होत्या आणि ते गोदाम तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळून गेलं. हाती लागला तो तीन वर्षं जुना ठसा. तो वापरून तिने ह्या वर्षीचंच नदीचं पाणी पुन्हा मोजलं.

सोळा.

पाणी तेच होतं, यंत्रही तेच. फरक फक्त नैसर्गिक कशाला म्हणायचं ह्याचा होता, आणि तेवढ्याने आकडा जवळजवळ दुप्पट झाला. तलावाचं पाणी जमिनीखालून कुठूनतरी शून्य झऱ्यापर्यंत पोचत असेल, तर दर वर्षी यंत्र थोडा थोडा तलाव ‘नैसर्गिक’ म्हणून शिकत होतं. म्हणजे बांध सुधारलेच नव्हते. यंत्राची जीभ सरावली होती.

कॉलिन मर्सर हा कंपनीचा पर्यावरण विभाग सांभाळायचा. माणूस सरळ होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, टिपणंही काढली.

“शक्य आहे,” तो म्हणाला. “पण गेल्या चार वर्षांत पाऊस किती बदलला ते तूच दाखवलंस. दलदली सुकल्या, जमीन खोलवर तापली. झऱ्यात नवी आम्लं येणारच की. तो निसर्गाचा बदल असेल तर आत्ताचं नऊच बरोबर. बदलाबरोबर शिकावं म्हणून तर तू ती सोय केलीस.”

“हो.”

“मग?”

“मग कोणतं खरं ते मला सांगता येत नाहीये.”

“सुनावणीत हे बोलणार?”

ऋजुता तिचे कागद गोळा करायला लागली.

शनिवारी ती अप्पांना घेऊन विलो बेंडला गेली. एडना कार्डिनल अंगणात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या ह्या बाई गावाने नेमलेल्या पाणीराखण होत्या. सहा वर्षं दोघी मिळून बर्फगाडीवरून, होडीतून, चिखलातून झऱ्यांचं पाणी आणत होत्या. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण ऋजुता मनातल्या मनात त्यांना तुम्हीच म्हणायची. आणि ‘एडनाबाई’ हे तर अप्पांनी पहिल्याच भेटीत पाडलेलं नाव.

ऋजुताने सगळं सांगितलं. शून्य कदाचित शून्य नाही. खाणींच्या आधीचा नैसर्गिक ठसा आता कुठेच उरलेला नाही.

एडनाबाईंनी जाळ्याची गाठ पुरी केली. “खाणींच्या आधीचं डांबर चालेल?”

“कुठलं?”

त्या उठल्या आणि दोघांना गावाच्या सभागृहात घेऊन गेल्या. छताला बर्च झाडाच्या सालीची एक होडी टांगलेली होती. त्यांच्या वडिलांनी बांधलेली, गावाजवळ पहिली खाण यायच्या बारा वर्षं आधी. सालीचे सांधे काळ्या लेपाने बुजवलेले होते.

“काठावरचं डांबर गोळा करायचं, स्प्रूसच्या झाडाच्या डिंकात उकळायचं आणि सांध्यांत भरायचं. कंपनीला वाटतं इथलं डांबर तिनेच शोधलं.”

अप्पा होडीखाली उभे राहून सांध्याकडे बघत होते. “आमच्याकडे होडीला राळ आणि तेल लावायचे,” ते मराठीत म्हणाले. ऋजुताने इंग्रजीत सांगितलं तेव्हा एडनाबाईंनी मान डोलावली.

“पण खरवडावं लागेल,” ऋजुता म्हणाली. “चमचाभर तरी.”

एडनाबाई होडीखालून एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी शिडी मागवली आणि कोणालाही हात लावू न देता स्वतःच्या चाकूने एका सांध्यातला लेप काढून बाटलीत भरला. खाली उतरल्यावर त्यांनी चाकू शर्टालाच पुसला.

लेपातली आम्लं पाण्यात उतरवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ऋजुताने होडीचा ठसा नैसर्गिक धरून नदीचं पाणी मोजलं.

चौतीस.

तिला क्षणभर हलकं वाटलं. मग तिने होडीच्या ठशातले रेणू एकेक करून पाहिले आणि ते हलकेपण गेलं. स्प्रूसच्या डिंकातही आम्लं असतात, डांबराच्या आम्लांशी मिळतीजुळती. त्यात ते डिंकाबरोबर उकळलेलं, मग नव्वद वर्षं हवेत वाळलेलं. ह्यातलं किती डांबर, किती डिंक आणि किती नुसतं म्हातारपण, हे वेगळं करता येईना. चौतीसमध्ये होडीचाच दोष दहाचा असू शकत होता, वीसचाही. एका बाजूला स्वतः बदललेला झरा, दुसऱ्या बाजूला होडी, आणि मध्ये नदी. तिने कागदावर तिन्ही आकडे लिहिले.

सुनावणीच्या आदल्या दुपारी शॅनन कार्डिनल आली. एडनाबाईंची ही मुलगी गावाच्या परिषदेची प्रमुख होती. अप्पा तिला सरपंचबाई म्हणायचे. ती बसली नाही.

“आईने होडी खरवडली हे मला सभागृहात गेल्यावर कळलं,” ती म्हणाली. “प्रयोगशाळेतून आकडाही कानावर आला. तू चौतीस सांगणार आहेस?”

“तुम्हाला वर जाणारा आकडाच हवा असेल ना?”

“मला तलाव रिकामा व्हायला हवाय. चौतीस आला तर काय होईल ते तुला माहीत नाही. तलावात नवं पाणी येणं थांबेल, कंपनी कोर्टात जाईल, दहा वर्षं दावा चालेल. आणि तलाव? तो तसाच. भरलेला. रोज पाझरत. नऊ आला तर ते पाणी निदान शुद्ध करून बाहेर काढायला लागतील.”

“शुद्ध केलेल्या पाण्यात काय उरतं ते पूर्ण माहीत नाही, शॅनन.”

“आणि न केलेल्या पाण्यात काय असतं ते आम्हाला पूर्ण माहीत आहे.”

“एडनाबाई काय म्हणतात?”

“आई म्हणते, एक थेंब सोडू देणार नाही. ती आणि मी महिनाभर एका टेबलावर जेवलेलो नाही.” ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “गावात माझी माणसं आहेत आणि तिचीही. तुझा आकडा गाव उभं चिरणार आहे, कोणताही असला तरी.”

ती गेल्यावर ऋजुता स्वयंपाकघरात येऊन बसली. अप्पा मटार सोलत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि इंग्रजी त्यांना दाखवायचे त्याहून जास्त कळत होतं.

“आमच्याकडे तपासणीला साहेब यायचे ना,” ते म्हणाले, “त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसातून फोन यायचा. मग मी लाल रंगाची बॅच पुढे ढकलायला सांगायचो. साहेब यायचे, बाटली भरायचे, आकडा उत्तम. आकडा खोटा नसायचा. पाणी तिथलंच, त्या दिवशीचंच. अठरा वर्षं असं केलं.”

ऋजुताने खुर्ची जवळ ओढली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी ती ह्याच माणसाच्या निळ्या डगल्याकडे बघून पाण्याच्या अभ्यासाकडे वळली होती.

“मला का सांगताय आत्ता?”

“मला माहीत असायचं मी काय करतोय. रात्री झोप लागायची नाही, पण का लागत नाही ते कळायचं. तुझं तसं नाही. तुला माहीतच नाही.” त्यांनी एक शेंग उघडली, ती किडकी निघाली, बाजूला ठेवली. “म्हणजे काय करायचं ते मी सांगू शकत नाही.”

तिला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि दोन्हींतलं काय आधी आलं हे तिला ओळखता आलं नाही. तिने ताटलीतल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागली.

सुनावणीत मंडळाच्या अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला. यंत्राचा आकडा काय?

“यंत्र नऊ म्हणतं,” ऋजुता म्हणाली. “पण ह्या यंत्राला नैसर्गिक काय ते कळेनासं झालेलं आहे. दोष मी केलेल्या रचनेत आहे.” तिने शून्य झऱ्याचं सांगितलं, सोळाचं सांगितलं, होडीचं आणि डिंकाचंही सांगितलं. पाऊण तास ती बोलली. कॉलिन लिहून घेत होता. शॅनन खिडकीबाहेर बघत होती. एडनाबाई शेवटच्या रांगेत हात बांधून बसल्या होत्या.

“म्हणजे खरा आकडा किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“नऊ आणि चौतीसच्या मध्ये कुठेतरी.”

“रेषा पंचवीसवर आहे, डॉक्टर घाग. रेषेच्या कोणत्या बाजूला?”

“माहीत नाही.”

“तुमचा अंदाज?”

“अंदाज सांगितला तर उद्या तोच आकडा होईल.”

करार तिथेच मोडला. बाहेर पडताना कॉलिन म्हणाला, “तू कोणाचंच भलं केलं नाहीस,” आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं. एडनाबाई तिच्याशी न बोलता गाडीत जाऊन बसल्या. आपल्या होडीला तिने सगळ्यांसमोर अविश्वासू ठरवलं, असं त्यांना वाटलं होतं. ते तसं नव्हतं असं ऋजुताला सांगायचं होतं, पण ते तसंच होतं.

ऋजुता काम करायची त्या विद्यापीठाने उगमशोधक बंद केला आणि तिला प्रकल्पावरून काढलं. नवा शून्य झरा शोधायला दोन तुकड्या निघाल्या. चार महिने त्या जंगलं तुडवत फिरल्या. एका झऱ्यावर खाणीची धूळ बर्फातून उतरलेली, दुसऱ्यावर जुन्या वणव्याची राख, तिसरा आटलेला. इथल्या पाण्याला कोणी हात लावलेला नाही असं छातीठोकपणे सांगता येईल, असा एकही झरा तुकड्यांना मिळाला नाही. अप्पा जुलैच्या अखेरीला परत गेले. विमानतळावर ते म्हणाले, “तू बोललीस ते मला जमलं नसतं.” ती म्हणाली, “बरोबर केलं की नाही ते अजून कळत नाही.” त्यावर त्यांनी फक्त तिची बॅग सरळ केली.

ऑक्टोबरात शॅनन पुन्हा आली. ह्या वेळी ती बसली.

“यंत्र नको, मंडळ नको,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं ते सांग. फक्त मला.”

ऋजुताने दार लावून घेतलं. “तीसच्या आसपास. पण...”

“पण नको.” शॅननने हात वर केला. “आकडा मला कोर्टासाठी नको होता. आमच्या पाण्यात तलाव आहे का, एवढंच विचारायचं होतं.”

“आहे.”

“मग तो रिकामा करायला हवा. परिषदेत ठराव झालाय. एका मताच्या फरकाने. पाणी शुद्ध करून सोडायचं, पण सोडायची झडप कंपनीच्या हातात नसेल, सरकारच्याही नाही. गावाच्या. रोज सकाळी गाव ठरवणार, आज सोडायचं की नाही. आईची अट अशी की शुद्ध केलेलं पाणी आधी टाकीतून जाईल आणि टाकीत नदीतले मासे असतील. तिने विरोधात मत दिलं, पण अट घातली.” तिने ठरावाचा कागद टेबलावर ठेवला. “आम्हाला रोज पाणी तपासून सांगणारं कोणीतरी हवंय. काय कळलं आणि काय नाही, दोन्ही सांगणारं.”

करार मोडल्यापासून पाणी सोडायची परवानगी अडकली होती, त्यामुळे कंपनीकडे दुसरा मार्ग उरलेला नव्हता. सरकारने सह्या करायला अख्खा हिवाळा घेतला.

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता बांधाच्या खालच्या अंगाला पंधरा-वीस माणसं जमली. टाकीतले मासे तीन आठवडे जिवंत होते. त्यातले दोन सुस्त होते, आणि ते आजाराने की टाकीला कंटाळून, हे ऋजुताला सांगता आलं नव्हतं. तसं तिने त्या दिवशीच्या पानावर लिहिलंही होतं. एडनाबाई आल्या नव्हत्या. त्या पहाटेच होडी घेऊन खालच्या वळणावर गेल्या होत्या, पाणी तिथे पोचेल तेव्हाची पहिली बाटली भरायला. जाताना ऋजुताच्या दारात त्यांनी भाजलेल्या माशाचा डबा ठेवला होता. वर्षभरातलं हे पहिलं बोलणं.

शॅननने झडपेच्या चाकावर दोन्ही हात ठेवले आणि मागे वळून पाहिलं.

“सांग. खोलू?”

ऋजुताच्या हातात त्या सकाळचा कागद होता. त्यावर चाळीस घटकांची नोंद होती. आणखी किती घटकांना अजून नावंही नव्हती, ते तिला माहीत होतं. खोललं आणि काही चुकलं तर ते तिच्या शब्दावर चुकणार होतं. नाही खोललं तर तलाव आजही कालच्याइतकाच पाझरणार होता, आणि त्यासाठी कोणी तिला काही विचारणार नव्हतं. तिने कागदाची घडी घातली.

“आज खोल,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा विचार.”

शॅननने चाक फिरवलं. पाइपातून आधी हवा आली, मग खाकरल्यासारखा आवाज, मग पाणी. सगळे पुढे झाले आणि वाकून बघायला लागले. पाण्याला रंग नव्हता, वासही नव्हता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने कोणीतरी विचारलं, किती वाजता पोचेल खाली, आणि ऋजुता घड्याळात बघून हिशेब करायला लागली.